गाणे पोहोचते, नाव मागे राहते

गेल्या पेसाहच्या आधी एकाच आठवड्यात एक मराठी पद माझ्या फोनवर तीनदा आले. एकदा अश्दोदहून, एकदा दिमोनाहून आणि तिसऱ्यांदा मुंबईच्या एका आप्ताकडून. योसेफाच्या चरित्रातील पद होते ते. म्हणणारी बाई वयस्कर असावी. आवाज थरथरता, पण ताल पक्का. मागे टाळ्या आणि स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज. ही बाई कोण, असे मी तिघांनाही विचारले. एकाने उत्तर दिले, "मला आले, मी पुढे पाठवले." दुसरीला काहीच सांगता आले नाही. तिसऱ्याला तो आपल्या मावशीचा आवाज वाटला होता, मावशींना विचारले तर त्या म्हणाल्या, "अरे, मला हे पद येतसुद्धा नाही!"

वाचकहो, गाणी आणि पुस्तके एकमेकांस पोहोचविण्याची साधने आज जेवढी आहेत तेवढी पूर्वी कधीच नव्हती. इंटरनेटवर रोज नवी भर पडते. आमच्या घरातील तरुण मंडळी म्हणतात, "आता हरवायचे काही उरले नाही, सगळे मिळते." हे म्हणणे कितपत खरे आहे, हे आपल्या समाजाच्या गरजेच्या कसोटीवर तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आपली गरज कोणती ते पाहू. मुंबईत १८८० च्या सुमारास आपल्या पूर्वजांनी हरिदासांच्या कीर्तनाच्या धर्तीवर बेने इस्राएल कीर्तने सुरू केली. आब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे मराठी पदांत आली. पदे छापता आली, चाल मात्र छापता येईना. तेव्हा पदाच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून त्या काळी सर्वांना ठाऊक असलेल्या एखाद्या गाण्याचे नाव द्यायचे, ही मराठी पदसंग्रहांतील जुनी रीत होती. आज अडचण अशी की, ते ठाऊक असलेले गाणेच आता कोणाला ठाऊक नाही. शब्द पुस्तकात किंवा हाताने उतरविलेल्या वहीत. चाल आजीच्या गळ्यात. दोन्ही एकत्र आली तरच पद जिवंत राहील.

आता साधनांकडे वळू. स्पॉटिफाय २००८ साली सुरू झाले, तेथे गाणी. गुडरीड्स २००७ साली सुरू झाले आणि २०१३ साली अ‍ॅमेझॉनने ते विकत घेतले; तेथे पुस्तके. एका दुकानात सूर, दुसऱ्या दुकानात शब्द, अशी ही वाटणी आहे. सिनेमाच्या गाण्याला ती पुरते, कारण त्याचे पुस्तक कोणाला लागत नाही. आपल्या पदाचे मात्र तिने दोन तुकडे होतात. यूट्यूबवर ध्वनिमुद्रणाखाली माहिती लिहिण्यास जागा आहे, हे कबूल केले पाहिजे. परंतु ती भरणे न भरणे चढवणाऱ्याच्या मर्जीवर असते, आणि आपली माणसे बहुधा 'आजीचे गाणे' एवढेच लिहून मोकळी होतात. कोणाची आजी? कोठली? कोणते पद? येथे दोष साधनाचा अर्धा आणि आपला अर्धा आहे.

पुस्तकांची गोष्ट याहून गमतीची आहे. आपल्याकडील पुस्तकांची यादी करण्यासाठी निघालेली बरीचशी अ‍ॅपे पहिल्या पायरीलाच पुस्तकाच्या पाठीवरचा बारकोड मागतात. त्या बारकोडात पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक असतो आणि हा क्रमांक आंतरराष्ट्रीय मानक ठरला १९७० साली. आपली मराठी भाषांतराची हगादा मुंबईत शिळाछापावर निघाली १८४६ मध्ये. मोलकऱ्यांच्या नव्हे, लुगडे नेसलेल्या आपल्याच बायांच्या मात्सा करतानाच्या चित्राची पुण्याची हगादा १८७४ ची. न्यूयॉर्कमध्ये तिची हुबेहूब प्रत निघाली तीही १९६८ ची. म्हणजे आपल्या कपाटातील सर्वांत मोलाची पुस्तके या अ‍ॅपांच्या दारातच अडतात! या बाबतीत २००५ साली सुरू झालेल्या लायब्ररीथिंगचे कौतुक केले पाहिजे. तेथे क्रमांक नसलेले पुस्तकही हाताने नोंदवता येते.

दुसरा दोष शिफारशीचा. "हे ज्यांनी ऐकले त्यांनी तेही ऐकले" अशा हिशेबावर ही साधने नवीन वस्तू पुढे करतात. हा हिशेब लाखो श्रोत्यांवर चालतो. आपले पद ऐकणारी चाळीस माणसे. त्यांतील निम्मी एकाच घरची. त्या पदाची पाळी कधी येणार? आपल्याला शिफारस नको आहे. ही वस्तू कोणाकडे आहे आणि तिच्याविषयी कोणाला विचारावे, एवढाच पत्ता हवा आहे.

तिसरा आणि सर्वांत गंभीर प्रश्न मालकीचा. येथे एक जुनी हकीकत सांगण्यासारखी आहे. संगीताच्या सीडींवर गाण्यांची नावे बहुधा नसत. १९९३ च्या सुमारास सीडीडीबी नावाची सोय निघाली. गाण्यांच्या लांबीवरून संगणक सीडी ओळखी, आणि नावे जगभरच्या हौशी लोकांनी स्वतः टंकून भरलेली असत. १९९८ साली ही सगळी यादी एका कंपनीला विकली गेली. पुढे तिचे नाव ग्रेसनोट झाले आणि २००८ साली ती सोनीकडे गेली. ज्यांनी फुकट नावे भरली त्यांचा त्या यादीवर हक्क राहिला नाही. या अनुभवातून शहाणे होऊन रॉबर्ट के यांनी २००० साली म्युझिकब्रेन्झ सुरू केले. त्यातील मुख्य माहिती कोणालाही पूर्ण उतरवून घेता येते. उद्या संस्था बंद पडली तरी यादी लोकांच्या हाती राहते. आपले श्रम कोठे घालावेत, याचा हा सरळ धडा आहे.

म्युझिकब्रेन्झमध्ये आणखी एक सोय आहे, ती आपल्याला फार उपयोगी पडेल. एकाच व्यक्तीची निरनिराळी नावे व लेखनरूपे तेथे एकाच नोंदीखाली ठेवता येतात. आपल्या आडनावांची इस्राएलमध्ये काय दशा होते, ते मी सांगावयास नको. देवनागरीत एक, हिब्रूत दुसरे, इंग्रजीत तिसरे. शिवाय कोणी गावाचे आडनाव टाकून बापाचे नाव लावतो. नातू हिब्रूत शोधतो, आजीचे नाव देवनागरीत पडून असते. दोघांची गाठ घालून देणारी नोंद नसेल तर वस्तू असूनही नसल्यासारखीच.

मग सगळेच उचलून इंटरनेटवर टाकावे काय? नाही. इंटरनेट आर्काइव्हने छापील पुस्तकांच्या प्रतिमा वाचकांना उसन्या देण्याचा उपक्रम चालविला होता. २०२० साली चार प्रकाशकांनी खटला भरला. २०२३ साली निकाल आर्काइव्हच्या विरुद्ध गेला आणि २०२४ साली अपिलातही तोच कायम झाला. लेखकाच्या मृत्यूनंतर भारतात साठ व इस्राएलमध्ये सत्तर वर्षे हक्क राहतो. जोसेफ एझेकिएल राजपूरकर १९०५ साली वारले. त्यांची मराठी भाषांतरे आज निःशंकपणे सर्वांसाठी खुली करता येतील. कालपरवाच्या लेखकाचे पुस्तक मात्र यादीत नोंदवावे आणि हातोहात वाचायला द्यावे. गाण्याच्या बाबतीत कायद्याइतकीच रीतभातही पाहावी. चार बायांत बसून म्हटलेले पद साऱ्या जगाला ऐकविण्यापूर्वी त्या बाईला विचारले पाहिजे. काही जणी हो म्हणतील, काही नको म्हणतील. नको म्हणणाऱ्या बाईचे नाव आणि पदाचा आरंभ यादीत राहू द्यावा, आवाज घरातच राहू द्यावा.

मला हवे असलेले साधन फार मोठे नाही. प्रत्येक पदामागे एक पान असावे. त्यावर पदाचे पहिले शब्द, चाल, म्हणणारीचे नाव व गाव, ते ती कोणाकडून शिकली, कोणत्या वहीत वा पुस्तकात आहे आणि ती वही आज कोणाकडे आहे, एवढे असावे. आवाज जोडता आला तर उत्तम. पान तिन्ही लिप्यांत सापडावे आणि सगळी यादी कोणालाही उतरवून घेता यावी. संगणक शिकलेल्या आपल्या मुलांना हे अवघड नाही. परंतु ती पाने भरणार कोण? तेथे मुलांचे काम नाही. ते काम ज्यांना मराठी येते त्यांचे आहे, आणि आपली संख्या दरवर्षी कमी होते आहे.

माझ्या फोनवर ते योसेफाचे पद अजून आहे. लोद, रामला, बेरशेबा येथील भगिनींना ते ऐकवून पाहिले. दोघींना चाल ओळखीची वाटली, बाई ओळखता आली नाही. ती हयात आहे की नाही, हेही कळत नाही. असे दुसरे पद आपल्याकडे येईल तेव्हा पुढे पाठविण्यापूर्वी "कोण म्हणते आहे?" एवढे विचारा, आणि उत्तर त्याच निरोपाखाली लिहा. येत्या सणाला घरात मंडळी जमतील तेव्हा कपाटातील जुन्या वह्या काढून त्यांवर मालकिणीचे नाव व गाव घाला. साधन तयार होईल तेव्हा त्यात भरायला काही शिल्लक असले पाहिजे.