चार्टमध्ये बोटं दिसतात, तोंड दिसत नाही

लिटरेचर रिव्ह्यू करताना एखादा तयार तक्ता हाती लागला की किती हायसं वाटतं, नाही? मलाही वाटलं होतं. माझा तक्ता होता क्लॅरिनेटचा फिंगरिंग चार्ट. लग्नाच्या बँडमध्ये आपण जिला ‘क्लॅरोनेट’ म्हणतो, तीच ही. तिच्या अगदी वरच्या पट्टीत एकाच स्वरासाठी तीन-तीन, चार-चार पर्यायी फिंगरिंग दिलेली असतात. मी अनेक चार्ट जमवले आणि जे फिंगरिंग जास्त चार्टमध्ये सापडलं, त्याला जास्त मार्क दिले. छान आलेखही काढला. गाईडनी एकच प्रश्न विचारला: ‘हे चार्ट एकमेकांवरून उतरवलेले नाहीत कशावरून?’

आलेख तिथेच संपला. पण चार्ट नेमका कुठे कमी पडतो, हे त्यानंतरच कळलं.

आधी वाद्य समजून घेऊ. बासरीवर फुंक बदलली की स्वर एक सप्तक वर जातो. क्लॅरिनेटची नळी जवळपास एकाच रुंदीची आणि रीडच्या बाजूला बंद असते, म्हणून तिच्यातून मूळ कंपनांच्या ३ पट, ५ पट असे विषम पटींचे स्वर निघतात. एक उदाहरण घ्या. अंगठा, डाव्या हाताची तीन बोटं आणि उजव्याचं एक, एवढी छिद्रं बंद केली की खालचा बी-फ्लॅट वाजतो. रजिस्टर की उघडली की त्याच बोटांनी ३ पटींचा एफ येतो. आता डावी तर्जनी उचला. ५ पटींचा वरचा डी मिळतो. तो थोडा उतरलेला असतो, म्हणून उजव्या करंगळीची एक की जोडतात.

म्हणजे हे फिंगरिंग मनाला येईल तसं ठरलेलं नाही. वरच्या एफ-शार्पपर्यंत हा हिशेब बराचसा जमतो. त्यापुढे मात्र पर्यायांची गर्दी होते, आणि चार्ट ‘का’ सांगणं सोडून फक्त काळे-पांढरे गोल दाखवतो.

माझी पहिली तक्रार अशी, की चार्ट यश नोंदवतो, अपयश नोंदवत नाही. अमुक फिंगरिंगने जी वाजतो, ठीक. पण हळू वाजवताना? खालच्या स्वरावरून उडी मारताना? किती कडक रीडवर? आणि मुळात कुठल्या क्लॅरिनेटवर? १८३९ च्या सुमारास क्लोझे आणि ब्युफे यांनी पुढे आणलेली बोएम पद्धत आणि जर्मनीतली ओएलर पद्धत यांच्या की वेगळ्या आहेत. त्याआधी स्पोरने हर्मश्टेटसाठी पहिला कॉन्चेर्टो लिहिला, तेव्हा हर्मश्टेटने स्वर बदलून मागितले नाहीत. वाद्यच सुधारून घेतलं. म्हणजे ज्याला आपण स्थिर धरतो ते वाद्यसुद्धा एक व्हेरिएबल आहे.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. साधारण १५०० हर्ट्झच्या वर उघडी छिद्रं ध्वनिलहरी पूर्वीसारख्या परतवत नाहीत, त्यामुळे नळीची पकड सैल होते. मग स्वर कोण ठरवतं? सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या चेन, स्मिथ आणि वुल्फ यांनी वादक वाजवत असतानाच त्यांच्या तोंडातला अनुनाद मोजला. २००८ साली ‘सायन्स’मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष सॅक्सोफोनबद्दल होता: अनुभवी वादक अतिउंच स्वरांसाठी घसा आणि जिभेची ठेवण बदलून तो अनुनाद स्वराजवळ आणतात, नवख्यांना ते जमत नाही आणि ते स्वरही वाजत नाहीत. २००९ मध्ये त्यांनीच क्लॅरिनेटवर स्वर वाकवण्यात तोंडाचा वाटा दाखवला. याच कारणासाठी एकच फिंगरिंग गुरूच्या हातात गातं आणि शिष्याच्या हातात चिरकतं. चार्टमध्ये दोघांचे गोल सारखेच!

मग चार्ट फेकून द्यायचे का? मुळीच नाही. वादकासाठी ते उत्तम आहेत: हे करून बघ, नाही जमलं तर ते बघ. त्यांनी पुरावा असल्याचा दावा कधी केलाच नव्हता. तो मी त्यांच्यावर लादला. चूक तक्त्याची नव्हती, माझ्या वापराची होती.

तुमचा विषय कापसाचं उत्पादन असो की बोलीभाषा, तयार तक्ता वापरण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. हा कशासाठी बनवला होता? यातल्या नोंदी एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का? आणि यात जे मोजलंच नाही, तेच तर परिणाम घडवत नसेल? तिसऱ्याचं उत्तर तक्त्यात मिळणार नाही. त्यासाठी वादकासमोर जाऊन बसावं लागतं. मी आता तेच करतोय. आलेख अजून झालेला नाही, पण या वेळी प्रत्येक चिरकलेला स्वरसुद्धा वहीत लिहितोय.