नाव बदलले, गोष्ट तीच

गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात ही एक छोटी कथाच असते. तिला नायिका असते, संकट असते आणि शेवट हमखास गोड असतो. हिंदुस्तान लिव्हरने १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ आणले, तेव्हापासून ही कथा आपण पाहत आलो. आपल्याकडच्या कितीतरी कादंबऱ्यांपेक्षा तिला वाचक जास्त मिळाले, म्हणून समीक्षेने तिच्याकडे पाठ फिरवणे बरे नव्हे.

आधीच्या कथेत मुलगी सावळी, म्हणून रिश्ता जमत नाही. ट्यूब संपेपर्यंत स्थळ चालून येते. पुढे मुली शिकल्या, कमावू लागल्या, तशी कथाही ‘पुरोगामी’ झाली. एका गाजलेल्या जाहिरातीत ओढगस्तीला आलेला बाप मुलगा नसल्याची खंत बोलून दाखवतो. मुलगी ते ऐकते, क्रीम लावते, हवाई सुंदरी होते आणि बापाला ऐटीच्या ठिकाणी कॉफी पाजते. स्त्री स्वतःच्या पायावर उभी राहिली खरी, पण ट्यूबच्या आधाराने.

अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने अशा जाहिरातींविरुद्ध तक्रारी केल्या, पाठपुरावा केला, आणि २००३ मध्ये कंपनीला वादग्रस्त जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. पण त्याच वर्षी कंपनीने ‘फेअर अँड लव्हली फाउंडेशन’ काढले. मुलींना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. स्त्रीमुक्तीची भाषा कंपनीने इतक्या सहज उचलली की तक्रार करणाऱ्यांनीही थक्क व्हावे! २००५ मध्ये ‘इमामी’ने पुरुषांसाठी ‘फेअर अँड हँडसम’ आणले, त्याच्या प्रचाराला शाहरुख खान आले. समानता आली ती अशी. २००९ पासून ‘डार्क इज ब्युटिफुल’ मोहीम चालली, नंदिता दास तिचा चेहरा झाल्या. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेने नियम केले की सावळी व्यक्ती दुःखी किंवा अपयशी दाखवू नये. कथाकाराने मग दुःखाचा प्रवेश गाळला, शेवट तसाच ठेवला.

२५ मे २०२० रोजी अमेरिकेत पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ची लाट जगभर उसळली. बरोबर एक महिन्याने, २५ जूनला, कंपनीने ‘फेअर’ हा शब्द काढत असल्याचे जाहीर केले. पुढे नाव ठरले ‘ग्लो अँड लव्हली’. इथल्या स्त्रिया वर्षानुवर्षे जे सांगत होत्या, ते मिनियापोलिसच्या रस्त्यावरून आल्यावर ऐकू गेले. याचे दुःख मानायचे की समाधान, हा प्रश्न आहेच.

मात्र एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९६२ साली कृष्णवर्णीय मुली नैसर्गिक केस न सरळ करता मॉडेल म्हणून मंचावर आल्या. तिथे लोकांनी आधी स्वतःची नजर बदलली. कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी ‘फॅशन फेअर’सारखी प्रसाधने १९७३ मध्ये, म्हणजे नंतर आली. आपल्याकडे दुकानाने पाटी बदलली आणि गिऱ्हाइकाची नजर जिथल्या तिथे राहिली.

ही नजर आपल्या भाषेत पाहावी. मराठीत ‘काळी’ म्हणवत नाही म्हणून आपण ‘सावळी’, ‘गव्हाळ’, ‘निमगोरी’ म्हणतो. घरच्या दखनीत ‘रंग साफ’ म्हणतो. साफ म्हणजे स्वच्छ; मग उरलेल्या मुलींचा रंग काय मळका? ज्या समाजात पहिली अजान हजरत बिलाल यांची म्हणून अभिमानाने सांगितली जाते, त्याच समाजाच्या मंगनीत बायका मुलीचा हात उजेडात धरून पाहतात. हे लिहिताना आपल्या कथाकारांची आठवण होते. तलाकवर, हुंड्यावर त्यांनी लिहिले. रंगामुळे परत गेलेल्या रिश्त्यावर मात्र फार थोडे.

आणि हे प्रकरण केवळ मनाला लागण्यापुरते नाही. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या विकाराचे असे रुग्ण आढळले, ज्यांनी गोरेपणाची क्रीमे वापरली होती. त्या क्रीमांत पारा होता. अशा डब्यांवर धड कंपनीचे नाव नसते, मग बदलणार काय? त्यांची जाहिरातही लागत नाही. शेजारीण सांगते, पार्लरवाली देते.

एका मोठ्या विवाह-संकेतस्थळाने २०२० मध्येच वर्णानुसार शोधण्याची सोय काढून टाकली. आपल्याकडे हातोहात फिरणाऱ्या बायोडाटात ‘रंग’ हा रकाना अजून दिसतो, आणि बहुधा मुलीच्याच.