गोदाकाठचा मूक प्रश्न

सुत्तनिपाताचा पाचवा आणि शेवटचा वर्ग म्हणजे पारायणवग्ग, आणि त्याची कथा उघडते ती आपल्या गोदावरीच्या काठी. बावरी नावाचा वेदपारंगत ब्राह्मण कोसल देश सोडून दक्षिणापथात आला आहे. अस्सक आणि अळक या दोन राज्यांच्या शेजारी आश्रम करून, वेचलेल्या धान्यावर नि रानफळांवर तो राहतो. अळकाचे पतिट्ठान म्हणजे पैठण, आणि अस्सकाची राजधानी म्हणजे नांदेडच्या सीमेपलीकडचे बोधन, असे अनेक अभ्यासक मानतात. नांदेड जिल्ह्यात अर्धापूरजवळ दाभडच्या महाविहाराचा परिसर आज बावरीनगर म्हणून ओळखला जातो आणि पौष पौर्णिमेच्या धम्म परिषदेला तिथे माणसांची रीघ लागते, ती याच प्राचीन नात्याने. धर्मानंद कोसंबींनी मराठीत आणलेला हा ग्रंथ आपण हाती घ्यावा आणि या वर्गापाशी सावकाश थांबावे; कारण मन, बाहेरचे जग आणि दुसऱ्याचे मन हे तत्त्वज्ञांना पिढ्यान्‌पिढ्या झुंजवणारे प्रश्न इथे युक्तिवाद होऊन येत नाहीत, तर हाडामांसाची माणसे होऊन येतात.

पहिला तपशील शापाचा. बावरीने यज्ञ करून सर्वस्व वाटून टाकले आहे, आणि नेमका तेव्हाच पाय सोललेला, तहानेने व्याकुळलेला, धुळीने माखलेला एक ब्राह्मण दारी येऊन पाचशे नाणी मागतो. ती मिळत नाहीत तेव्हा तो शापवाणी उच्चारतो, की सातव्या दिवशी तुझ्या मस्तकाची सात शकले होतील. बावरी अन्नपाणी सोडतो, सुकत जातो. एक देवता येऊन सांगते, की तो धनलोभी ढोंगी आहे, मस्तकाचे ज्ञान त्याला मुळीच नाही. इथे आपण क्षणभर थबकावे. शाप पोकळ आहे, पण दुःख पोकळ नाही. शस्त्र नाही, आघात नाही, तरी एका चित्तातल्या क्रोधाने दुसरे चित्त होरपळले आहे. कित्येक शतकांनी विज्ञानवादी बौद्ध आचार्य वसुबंधूने 'विंशतिका' या ग्रंथात हाच पेच सोडवायला घेतला. बाह्य वस्तूच नसेल, तर एक मन दुसऱ्या मनाला इजा तरी कशी करील? उत्तरादाखल त्याने स्मरण केले ते ऋषींच्या कोपाने ओसाड पडलेल्या दंडकारण्याचे. आणि दंडकारण्य तर परंपरेने गोदेच्याच परिसरातले!

दुसरा तपशील याहून सुंदर आहे. बुद्धाची वार्ता कळताच बावरी आपल्या सोळा शिष्यांना उत्तरेकडे धाडतो आणि एक विलक्षण कसोटी सांगून ठेवतो: माझे वय, गोत्र, लक्षणे आणि शिष्यांची संख्या हे सारे मनातल्या मनात विचारा, तो खरा बुद्ध असेल तर तुमच्या मूक प्रश्नांना बोलून उत्तर देईल. पैठण, महेश्वर, उज्जैन, विदिशा, कौशांबी, श्रावस्ती, वैशाली अशी ती दीर्घ वाट तुडवून मंडळी मगधातल्या पाषाणक चैत्यापाशी पोचतात. त्या सोळांपैकी अजित एका बाजूला उभा राहतो, ओठही न हलवता विचारतो. आणि समोरून शांतपणे उत्तर येते, की वय एकशे वीस, गोत्र बावरी, लक्षणे तीन, शिष्य पाचशे. सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकाने 'संतानान्तरसिद्धी' या ग्रंथात दाखवले, की दुसऱ्याच्या वाणीवरून आणि हालचालींवरून आपण त्याच्या मनाचे अनुमान करतो. बावरीच्या कसोटीने नेमकी तीच खूण काढून घेतली आहे: शब्द नाही, हावभाव नाही, केवळ मन. मग अजित मस्तक फुटण्याविषयी विचारतो, आणि त्याला कळते की मस्तक म्हणजे अविद्या, आणि श्रद्धा, स्मृती, समाधी, छंद (तळमळ) नि वीर्य (प्रयत्न) यांसह आलेली विद्या हीच ते मस्तक फोडणारी. ज्या शब्दाने बावरीची झोप उडवली होती, तोच आता मुक्तीचा शब्द झाला आहे. बाहेरून आलेले भय आतल्या आत असे उजळून निघताना पाहणे, हा या वर्गातला अपूर्व आनंद आहे.

बाहेरच्या जगाचा प्रश्न येतो तो त्या सोळांपैकीच मोघराजाच्या तोंडून. दोनदा विचारूनही त्याला उत्तर मिळालेले नाही. तरी हा न रुसता तिसऱ्यांदा विचारतो, की जगाकडे कसे पाहिले असता मृत्यूला आपण दिसणार नाही? त्याला मिळणारा उपदेश जग नाही असे सांगत नाही. सदैव सजग राहून, 'मी'ची दृष्टी उपटून टाकून जगाला शून्य म्हणून पाहायला सांगतो. जग आहे तिथेच राहते, त्यावरची आपली मालकी तेवढी गळून पडते. माध्यमिकांचे आणि विज्ञानवाद्यांचे पुढचे सारे सूक्ष्म विवेचन या छोट्याशा संवादाशेजारी ठेवून वाचावे, म्हणजे कोरड्या वाटणाऱ्या त्या सिद्धान्तांमागची मूळ तळमळ आपल्याला जाणवते.

आणि अखेर येतो त्याच सोळांपैकी पिंगिय: जर्जर, कांती मावळलेली, डोळ्यांना धड दिसत नाही, कानांना धड ऐकू येत नाही. तो परतून बावरीपाशी बुद्धाची स्तुती गातो, तेव्हा बावरी विचारतो, की अशा गुरूपासून तू क्षणभर तरी दूर का राहतोस? पिंगिय सांगतो, की मी दूर नाहीच. थकले आहे ते शरीर, मन मात्र रात्रंदिवस त्यांच्याकडे जाते, डोळ्यांनी पाहावे तसे त्यांना पाहते. बाह्य इंद्रिये एकेक करून मिटत चाललेल्या या वृद्धाला सारा मगध आत दिसतो आहे, आणि याच ठिकाणी बुद्धाची वाणी त्याला उद्देशून उमटते: वक्कलीने, भद्रावुधाने, आळवी-गोतमाने जशी श्रद्धा मोकळी सोडली, तशी तूही सोड. मन एकीकडून गेले आणि दुसरीकडून साद आली. चित्ताला चित्त कळते का, या प्रश्नावर ग्रंथच्या ग्रंथ रचले गेले. पारायणवग्गाने मात्र त्याचे उत्तर एका थकल्या म्हाताऱ्याच्या प्रेमात ठेवले, आणि गोदाकाठच्या आपणा वाचकांना या वारशाचा अभिमान वाटावा तो याचसाठी.