बोले-ठराव आणि सरकारी उत्तर : एका साधनाची चिकित्सा

महाडच्या चवदार तळ्याच्या लढ्याविषयीं जें लेखन होतें त्यांत एक विधान वारंवार आढळतें. तें असें कीं, १९२३ सालीं मुंबई कायदेकौन्सिलानें सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा व शाळा अस्पृश्य मानिलेल्या वर्गांस खुल्या केल्या, आणि पुढें महाडच्या सनातन्यांनीं तो कायदा मोडला. विधान सुटसुटीत आहे. मूळ कागदास मात्र तें धरून नाहीं. कौन्सिलास कांहीं खुलें करण्याचा अधिकारच नव्हता, आणि मोडण्याजोगा कायदा त्या सालीं झालाच नव्हता. सभासदांनीं सरकारास एक गोष्ट सुचविली, सरकारानें तिला उत्तर दिलें, आणि पुढील सगळा घोळ त्या उत्तराच्या शब्दांत भरलेला आहे. तें उत्तर वाचल्यावांचून ठराव उद्धृत करणें म्हणजे पूर्वपक्ष वाचून सिद्धान्त सांगण्यासारखें आहे.

या घोटाळ्याचा दोष केवळ लेखकांचा नाहीं; साधनांची निवड करणाऱ्या आपलाहि आहे. पेशवेकालीन एक फाटका रोजकीर्दीचा बंद मिळतो असें कळलें तर आपली मंडळी चार कोस चालून जातात. कौन्सिलाच्या वृत्तान्ताचे जाडजूड इंग्रजी खंड मात्र रद्दीच्या तराजूंत पडले तरी कोणी हळहळत नाहीं. १९३० ते १९३४ या वर्षांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड मुंबई सरकारानें छापिले, त्यांचें आपण योग्य तें कौतुक करितों. त्याच वर्षांत त्याच सरकारास लोकांचे प्रतिनिधि शाळा, दवाखाने, लोकलबोर्डें व खर्च यांविषयीं काय विचारीत होते, हें ज्या खंडांत आहे ते आपल्या कपाटांत नाहींत. वस्तुतः या प्रश्नोत्तरांची घडण आपल्या ओळखीची आहे. कलमवार यादींत एकेक मागणी आणि तिच्याखालीं हुजुरांतून झालेला निर्णय असतो, तशीच ही रचना. यादींतील कलम वाचून निर्णय न पाहणारा संशोधक आपण कच्चा ठरवितों. कौन्सिलाच्या कागदांस हीच कसोटी लावावयास हवी.

परंतु या कसोटीच्याहि आधीं एक गोष्ट पाहावी लागते. ती म्हणजे प्रश्न कोणत्या नियमांखालीं विचारला गेला ही. १८५३ च्या कायद्यान्वयें स्थापिलेलें कलकत्त्याचें कौन्सिल कारभारांत चौकशा करूं लागलें, तें वरिष्ठांस रुचलें नाहीं. म्हणून १८६१ च्या कायद्यानें कौन्सिलांस पुढें असलेल्या विधेयकापलीकडे बोलण्यास बंदी झाली. १८९२ त प्रश्न विचारण्याची व वार्षिक जमाखर्चावर बोलण्याची मुभा मिळाली. पण ती कशी? मिळालेल्या उत्तरावर चर्चा करावयाची नाहीं, त्यावर ठराव आणावयाचा नाहीं, मतें घ्यावयाचीं नाहींत. प्रश्न केवळ माहिती मागणारा असावा, त्यांत युक्तिवाद नसावा. अध्यक्षास तो नाकारतांहि येई. १९०९ च्या सुधारणेनें मूळ प्रश्नकर्त्यास उपप्रश्न विचारतां येऊं लागला, आणि १९१९ च्या कायद्यानंतर तो हक्क कोणाहि सभासदास मिळाला.

हा क्रम येथें सांगण्याचें कारण असें. १८९५ त टिळक किंवा १८९९ च्या अखेरीस गोखले मुंबई कौन्सिलांत निवडून गेले, त्या काळचा एखादा प्रश्न व त्याचें दोन ओळींचें उत्तर पाहून, पुढें प्रश्नकर्ता गप्प बसला यावरून त्याचें समाधान झालें असें अनुमान कोणी काढील, तर तें चुकेल. त्यास बोलण्याची परवानगीच नव्हती. त्या वेळचें मौन नियमानें लादलेलें होतें. १९२१ नंतरचें मौन हें मात्र सभासदाच्या आळसाचें, तडजोडीचें किंवा समाधानाचें लक्षण असूं शकतें. एकाच प्रकारच्या दोन कागदांस केवळ नियम बदलल्यामुळें दोन अर्थ येतात. हस्तलिखिताच्या शाखा न पाहतां पाठ ठरविणाऱ्यास आपण हंसतों. येथें नियमांची आवृत्ति न पाहतां अर्थ ठरविणारा त्याच पंक्तींत बसतो.

उत्तरांचेहि कांहीं ठराविक सांचे आहेत. माहिती मागविली आहे. माहिती गोळा करण्यास लागणारा श्रम तिच्या उपयोगाच्या मानानें फार आहे. सन्माननीय सभासदांनीं अमुक अहवाल पाहावा. हा विषय स्थानिक संस्थेच्या अखत्यारींतील आहे. वैयाकरणांच्या दृष्टान्तांतील मनुष्य आंब्यांविषयीं विचारलें असतां कांचनवृक्षांचें वर्णन करतो. सरकारी उत्तर देणारा त्याहून सावध असतो. तो आंब्यांचीच गोष्ट बोलतो, पण बाग दुसऱ्याची आहे असें सांगतो.

आणि १९२१ नंतर बाग खरोखरच दुसऱ्याची झाली होती, ही यांतील मौज. द्विदल राज्यपद्धतींत शिक्षण व स्थानिक स्वराज्य हीं सोंपीव खातीं दिवाणांकडे गेलीं. तिजोरी, महसूल व पोलिस हीं राखीव खातीं गव्हर्नराच्या कार्यकारी मंडळाकडे राहिलीं. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे मुंबई इलाख्याचे पहिले शिक्षणदिवाण. गणितांत केंब्रिजचे सीनियर रँग्लर असलेल्या या गृहस्थास शाळांचा हिशेब येत नव्हता असें कोणी म्हणणार नाहीं. पण पैशाची थैली त्यांच्या हातीं नव्हती. त्यांतच १९२३ च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यानें प्राथमिक शाळांचा कारभार लोकलबोर्डें व म्युनिसिपालिट्या यांच्या स्कूलबोर्डांकडे सोंपविण्याची व्यवस्था केली. म्हणजे एखाद्या गांवच्या शाळेंत महाराचा मुलगा ओसरीवर कां बसतो, असें सभासदानें विचारावयाचें ठरविलें तर त्यास तीन दारें दिसत. शिक्षणदिवाण म्हणणार, शाळा बोर्डाची. बोर्ड म्हणणार, पैसा सरकारचा. आणि तिजोरी संभाळणारा म्हणणार, शिक्षण हें सोंपीव खातें. लोकांच्या हातीं सत्ता देण्याचा हेतु चांगला होता याविषयीं मला शंका नाहीं. पण जी सत्ता खालीं उतरली तिच्याबरोबर उत्तर देण्याची जबाबदारी उतरली नाहीं; ती जिन्यांतच राहिली. १९३८ त या कायद्यांत दुरुस्ती करून शाळांवरील सरकारी ताबा पुन्हा वाढवावा लागला आणि १९४७ त नवाच कायदा करावा लागला, त्याचें एक कारण येथें सांपडतें.

आतां मूळ कागदाकडे वळूं. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजीं कौन्सिलानें संमत केला. त्याचा आशय असा : सार्वजनिक पैशानें बांधलेले व चालविलेले, अथवा सरकारनियुक्त किंवा कायद्यानें निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यांतील सर्व पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेंच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, न्यायालयें व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य वर्गांस करूं द्यावा, अशी कौन्सिलाची शिफारस आहे. बोले यांनीं येथें जातीची नव्हे, पैशाची व्याख्या धरिली, ही या वाक्याची खरी ताकद. देवळाचा वाद त्यांनीं टाळला. विहीर कोणत्या पैशानें खणली एवढेंच विचारा, असें ते म्हणतात. आणि लोकप्रतिनिधीनें सरकारास विचारण्याजोगा याहून रास्त प्रश्न दुसरा नाहीं. तथापि वाक्याचें प्रधान क्रियापद शिफारशीचें आहे. त्या काळच्या नियमांप्रमाणें कौन्सिलाचा कोणताहि ठराव शिफारसच असे, सरकारावर तो बंधनकारक नव्हता.

सरकारी आज्ञा निघाली ११ सप्टेंबर १९२३ रोजीं. हिचें वाचन सावकाश करावें, कारण एकाच परिच्छेदांत दोन निरनिराळीं क्रियापदें आहेत. सरकारच्या मालकीच्या व सरकारी खर्चानें चालणाऱ्या जागांपुरती ठरावाची अंमलबजावणी करावी असा खात्यांच्या प्रमुखांस हुकूम आहे. पण म्युनिसिपालिट्या व बोर्डें यांच्यापुरतें वाक्य पालटतें : कलेक्टरांनीं आपापल्या हद्दींतील स्थानिक संस्थांस, ही शिफारस स्वीकारणें इष्ट आहे किंवा कसें याचा विचार करण्याचा सल्ला द्यावा. हुकूम नाहीं, सल्ला. तोहि स्वीकारण्याचा नव्हे, विचार करण्याचा. आणि विचारहि स्वीकाराचा नव्हे, स्वीकाराच्या इष्टतेचा! एका विहिरीपर्यंत पोहोंचण्यास इतक्या पायऱ्या उतरावयाच्या.

चाळीस वर्षें मुलांस संस्कृत व्याकरण शिकविलेल्या मनुष्यास हें वाक्य पाहून पाणिनीची आठवण झाल्यावांचून राहात नाहीं. विधिलिङाचे जे अर्थ त्यानें सांगितले त्यांत विधि आहे, निमंत्रण आहे, प्रार्थना आहे. आणि संप्रश्न, म्हणजे करावें कीं न करावें अशी विचारणा, हाहि आहे. आज्ञेचा पहिला भाग विधीचा आणि दुसरा संप्रश्नाचा. गांवोगांवचे बहुतेक पाणवठे व प्राथमिक शाळा दुसऱ्या भागांत पडत असल्यामुळें, ठरावाचा मोठा हिस्सा संप्रश्नाच्या पोटांत गेला. मराठींत या आज्ञेचा सारांश देतांना दोन्ही ठिकाणीं ‘आदेश दिला’ असें जे लिहितात, ते हा भेद पुसून टाकतात. भाषान्तरांतील ही चूक लहान दिसते, पण महाडचें सगळें प्रकरण तिच्याखालीं झांकलें जातें.

महाडच्या म्युनिसिपालिटीनें जानेवारी १९२४ त ठरावास अनुसरून तळें खुलें केल्याचें नमूद केलें; म्हणजे संप्रश्नास तिनें होकारार्थी उत्तर दिलें. पाणी मात्र कोणी अस्पृश्य भरूं शकला नाहीं. बोले यांस हें ध्यानांत आलें असलें पाहिजे, कारण ५ ऑगस्ट १९२६ रोजीं त्यांनीं दुसरा ठराव संमत करून घेतला : ज्या म्युनिसिपालिट्या व बोर्डें पहिला ठराव अमलांत आणण्याचें नाकारतील त्यांस सरकारी ग्रँट देऊं नये. सल्ल्याचें वजन पैशानें वाढवावें, हा यांतील हेतु. पण अंमलबजावणी नाकारणें आणि होकार देऊन कांहीं न करणें यांत जो फरक, त्यास या दुसऱ्या ठरावांत जागा नाहीं. आणि महाड दुसऱ्या प्रकारांत होतें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांच्याबरोबरचे लोक तळ्यावर गेले. त्याच वर्षीं ४ ऑगस्ट रोजीं, म्हणजे बोले-ठरावास बरोबर चार वर्षें झालीं त्या तारखेस, म्युनिसिपालिटीनें आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तिनें कोणताहि कायदा मोडला नाहीं. तिला विचार करावयास सांगितलें होतें, तिनें पुनर्विचार केला. हें वाक्य लिहितांना मनास यातना होतात, परंतु कागद हेंच सांगतो. अखेर हायकोर्टानें १७ मार्च १९३७ रोजीं अस्पृश्यांच्या बाजूनें निकाल दिला, तोहि कौन्सिलाच्या ठरावाच्या बळावर नव्हे. त्यांस दूर ठेवण्याची अनादि वहिवाट वादींस सिद्ध करतां आली नाहीं, म्हणून.

तळ्यावर जाण्याच्या आठच दिवस आधीं, १२ मार्च १९२७ रोजीं, आंबेडकरांनीं कौन्सिलांत शिक्षणाच्या ग्रँटीवर भाषण केलें. इलाख्यांत दरमाणशी शिक्षणावर चौदा आणे खर्च होतात आणि आबकारींतून मात्र दरमाणशी दोन रुपयांहून अधिक घेतले जातात, असा हिशेब त्यांनीं सरकारापुढें मांडला. बोले यांच्या ठरावांत आणि या भाषणांत एकच धागा आहे. सार्वजनिक पैसा कोणाचा व कोणासाठीं, ही पृच्छा. तळ्याचा इतिहास लिहिणारे या भाषणाकडे वळत नाहींत, कारण तें ‘शिक्षण’ या दुसऱ्या प्रकरणांत पडतें.

आंबेडकरांचें कौन्सिलांतील कार्य महाराष्ट्र सरकारानें १९८२ त वसंत मून यांच्या संपादनाखालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडांत एकत्र मिळतें. हा मोठा उपकार आहे, आणि या खंडावांचून आज या विषयावर कोणास लिहितां येणार नाहीं. परंतु व्यक्तिवार संग्रहाची मर्यादाहि येथेंच दिसते. एका वक्त्याभोंवतीं कागद जमविले कीं त्याच दिवशीं, त्याच खात्यास, दुसऱ्या सभासदांनीं विचारलेलें बाजूस पडतें. बोले यांचा असा संग्रह माझ्या पाहण्यांत नाहीं. म्हणून त्यांचे दोन ठराव इतरांच्या चरित्रांतून एकेका ओळीनें भेटतात, आणि सरकारी उत्तर तर तितक्यानेंहि भेटत नाहीं. विषयवार संग्रह व्हावयास हवा : प्रश्न, उपप्रश्न, उत्तर, त्यामागून निघालेली आज्ञा, आणि ती पोहोंचल्यावर स्थानिक संस्थेनें काय लिहून ठेविलें तें, हीं सर्व एका ठिकाणीं.

यांतील शेवटचा कागद सर्वांत दुर्मिळ आहे. कौन्सिलाचे खंड छापलेले असल्यामुळें कोठेंना कोठें एखादी प्रत उरते. परंतु तालुक्याच्या म्युनिसिपालिटीच्या सभांचें हस्तलिखित इतिवृत्त, स्कूलबोर्डाच्या ठरावांच्या वह्या, कलेक्टर-कचेरींतून आलेल्या सल्ल्याच्या नोंदी यांची प्रत एकच असते. १९२३ ते १९२७ या वर्षांतील अशा वह्या ज्यांच्या आढळांत येतील त्यांनीं त्यांची यादी या त्रैमासिकाकडे पाठवावी. यादींत गांव, संस्था, तारीख, पानांची संख्या, आणि ११ सप्टेंबर १९२३ च्या आज्ञेचा उल्लेख आहे कीं नाहीं, एवढें असलें म्हणजे पुरे.