गुगलचं पुस्तक आणि लॅबमधला एकुलता एक सर्व्हर

पीएचडीला ॲडमिशन झाली की लॅबचा सर्व्हर कुणाच्या तरी गळ्यात पडतोच. बहुतेक वेळा ज्याला लिनक्सच्या चार कमांड येतात त्याच्या. कोर्सवर्कमध्ये हा विषय नसतो, पेटच्या अभ्यासक्रमात तर नाहीच. मग सीनियर सांगतात, "गुगलचं ते पुस्तक वाच." म्हणजे 'साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग'. बेट्सी बायर, ख्रिस जोन्स, जेनिफर पेटॉफ आणि नियाल मर्फी यांनी संपादित केलेलं, २०१६ साली ओरायलीने काढलेलं. नेटवर फुकट वाचता येतं. चौतीस अध्याय आहेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त आपल्या कामाचे नाहीत, हे आधीच सांगून टाकते. आज फक्त दोन अध्यायांबद्दल लिहायचंय: बारावा, बिघाड शोधण्यावरचा, आणि सहावा, मॉनिटरिंगवरचा. पहिला मला फार आवडतो. दुसऱ्याशी भांडण आहे.

आधी बारावा. ख्रिस जोन्सने लिहिलाय आणि त्याचा गाभा म्हणजे सरळसरळ वैज्ञानिक पद्धत. तक्रार आली, निरीक्षण केलं, गृहीतक मांडलं, ते तपासलं, चुकलं तर दुसरं मांडलं. रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात आपण पाठ करतो तेच, पण इथे ते वापरात दिसतं.

पुस्तकाबाहेरचं, आपल्याकडचं उदाहरण घेऊ. सिम्युलेशन मध्येच थांबलं आणि एरर आली, 'डिस्कवर जागा शिल्लक नाही'. 'डीएफ' कमांड चालवली तर चाळीस टक्के जागा मोकळी. आता काय? बरेच जण इथे रीस्टार्ट करतात. पण जरा थांबून विचार केला तर तीन-चार शक्यता दिसतात. युजरचा कोटा संपला असेल. प्रोग्राम वेगळ्याच पार्टिशनवर, समजा टेम्प फोल्डरमध्ये, लिहीत असेल. किंवा आयनोड संपले असतील: ईएक्सटी-फोर फाइलसिस्टीममध्ये किती फाइली मावणार हा आकडा फॉरमॅट करतानाच ठरतो, आणि लाखभर बारीक-बारीक आउटपुट फाइली टाकणारा प्रोग्राम जागा न भरताही तो आकडा संपवतो. यातली प्रत्येक शक्यता वेगळं भाकीत करते. कोटा असेल तर दुसऱ्या युजरला लिहिता येईल. आयनोड असतील तर रूटलासुद्धा एक रिकामी फाइल करता येणार नाही. म्हणजे पहिली चाचणी अशी निवडायची की एका झटक्यात दोन शक्यता वेगळ्या होतील. 'डीएफ'ला 'आय' हा पर्याय दिला की उत्तर समोर येतं, पण कुठला पर्याय द्यायचा हे आधीच्या विचारातून येतं. हा अध्याय वाचताना मला आमच्या गाइडच्या प्रश्नांची आठवण होते: "हे बरोबर असेल तर आणखी काय दिसायला पाहिजे?"

याच अध्यायात नकारात्मक निष्कर्षांवर एक छोटा भाग आहे. एखादी गोष्ट कारण नाही हे पक्कं कळणं हाही निकाल आहे आणि तो लिहून ठेवावा, असं तो म्हणतो. आपल्याकडे थीसिसमध्ये न जमलेले प्रयोग कुणी छापत नाही, निदान सर्व्हरच्या वहीत तरी लिहा!

पण एका ठिकाणी पुस्तकाला आपली परिस्थिती माहीत नाही. ते म्हणतं, आधी रक्तस्राव थांबवा, कारण नंतर शोधा. लॉग मात्र जपून ठेवा. बरोबर आहे. पण गुगलला रक्तस्राव थांबवणं म्हणजे ट्रॅफिक दुसऱ्या डेटा सेंटरकडे वळवणं. आपल्याकडे दुसरं काही नसतंच. आणि असलं तरी वळवायचं कधी हा निर्णय सोपा नसतो.

मुंबईचं उदाहरण बघा. २४ फेब्रुवारी २०२१ ला नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले, ते दुपारी ३.४५ ला सुरू झाले आणि ५ पर्यंत चालवले गेले. एक्स्चेंजने नंतर दिलेलं स्पष्टीकरण असं: दोन वेगळ्या कंपन्यांच्या टेलिकॉम लिंक होत्या, दोन्हींत अडचण आली, त्याचा परिणाम स्टोरेजच्या नेटवर्कवर झाला आणि जोखीम-व्यवस्थापनाची यंत्रणा मिळेनाशी झाली. सौदे जुळवणारी मुख्य यंत्रणा स्वतः ठीक होती. म्हणजे नाडी चालू, श्वास चालू, पण माणूस कामाचा नाही. पर्यायी केंद्राकडे त्या दिवशी कारभार हलवला गेला नाही.

महिन्याभरात सेबीने नियम कडक केला. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली की ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि तिथून ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करायचं. माझ्या मते या नियमात बाराव्या अध्यायात नसलेली एक गोष्ट आहे: निदानाला घड्याळ लावलंय. शोधणाऱ्याला नेहमी वाटतं, अजून दहा मिनिटं दिली तर सापडेल. मग ती दहा मिनिटं चार वेळा जातात. पुस्तक 'आधी थांबवा' म्हणतं, पण किती वेळाने हात आखडायचा ते सांगत नाही.

आता सहावा अध्याय. यातली एक कल्पना सोन्यासारखी आहे. लक्षण आणि कारण वेगळं करा आणि माणसाला झोपेतून उठवायचं तर ते लक्षणासाठी. लोड ॲव्हरेज चाळीस झाला म्हणून उठवू नका. लिनक्स त्या आकड्यात डिस्कची किंवा नेटवर्कवरच्या फोल्डरची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही धरतो, त्यामुळे प्रोसेसर रिकामा बसला असतानाही तो आकडा चढतो. युजरचं काम होतंय का, ते बघा. इथपर्यंत मी त्या लेखकासोबत आहे.

मग येतात ते प्रसिद्ध चार 'सोनेरी संकेत': लेटन्सी, ट्रॅफिक, एरर्स आणि सॅच्युरेशन. उत्तराला किती वेळ लागतो, मागणी किती येते, किती चुकतं, यंत्रणा किती भरलीय. आज प्रोमेथियस आणि ग्राफाना बसवणारा प्रत्येक जण हे चार आलेख सगळ्यात आधी लावतो. दिसतातही छान. पण हे चारही संकेत अशा यंत्रणेसाठी आहेत जिथे सेकंदाला हजारो विनंत्या येतात. लॅबच्या सर्व्हरवर ट्रॅफिक म्हणजे काय? तीन जॉब. त्यातला एक अकरा दिवस चालणारा. अकरा दिवसांच्या जॉबची लेटन्सी मोजून कुणाला काय कळणार?

उन्हाळा घ्या. आमच्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास राहतो. खोलीतला एसी दमला की प्रोसेसर गरम होतो आणि स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो. एरर शून्य. सर्व्हर जिवंत. प्रोसेसर शंभर टक्के कामात, म्हणजे रोजच्यासारखाच. फक्त दोन दिवसांचा जॉब चार दिवसांवर गेला.

याहून वाईट म्हणजे डेटा गुपचूप जाणं. डिसेंबर २०२१ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवरून ७७ टेराबाइट संशोधनाचा डेटा पुसला गेला. सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली, १४ संशोधन गट. त्यातल्या ४ गटांचा डेटा परत मिळण्यासारखा नव्हता. कारण वाचून अंगावर काटा येतो: बॅकअपचीच स्क्रिप्ट. जुने लॉग पुसणारा एक भाग तिच्यात होता. स्क्रिप्ट चालू असतानाच तिची सुधारित आवृत्ती वरून टाकली गेली, शेलने पुढचा भाग नव्या फाइलमधून वाचला, तिथला व्हेरिएबल रिकामा होता आणि लॉगच्या ऐवजी संशोधनाच्या फाइली गेल्या. १४ तारखेला सुरू झालेलं हे १६ पर्यंत चाललं.

आता चार संकेत लावून बघा. फाइल पुसणं यशस्वी झालं, म्हणजे एरर नाही. डिस्क मोकळी होत गेली, म्हणजे सॅच्युरेशन सुधारलं! डिस्क भरली की अलर्ट सगळेच लावतात, अचानक रिकामी झाली तर लावलेला मी क्वचितच पाहिलाय.

गंमत म्हणजे याचा पुरावा त्याच पुस्तकात आहे, वीस अध्याय पुढे. सव्विसाव्या अध्यायात गुगल म्युझिकची गोष्ट सांगितलीय. डेटा पुसणाऱ्या एका पाइपलाइनमधल्या चुकीने सुमारे ६ लाख ऑडिओ संदर्भ उडाले, २१ हजार युजरना फटका बसला. आणि हे लक्षात कसं आलं? ६ मार्च २०१२ ला एका युजरने कळवलं की आधी नीट वाजणारी गाणी आता वगळली जातायत. गुगलच्या यंत्रणेआधी एका श्रोत्याला कळलं. सहाव्या अध्यायाने हा प्रसंग विचारात घेतला असता तर संकेत चारच राहिले नसते. २०१८ च्या जोडपुस्तकात, 'वर्कबुक'मध्ये, डेटा किती ताजा आणि किती बरोबर आहे हे मोजायची भाषा आलीय, हे मान्य करायला हवं. पण डॅशबोर्डवर अजून चारच संकेत राज्य करतात.

लॅबसाठी मी वेगळा प्रश्न विचारते: शेवटचं यशस्वी काम कधी झालं? मी सुट्टीत आर्वीला घरी राहते तेव्हा सर्व्हरशी संबंध फक्त एसएसएचचा आणि मेलचा. अशा वेळी मेल आला नाही याचे दोन अर्थ होतात, एक तर सगळं ठीक आहे, नाही तर मेल पाठवणारी मशीनच वीज जाऊन बंद पडलीय. दोन्हींत शांतताच. रोज 'मी ठीक आहे' असा मेल पाठवायचा हा उपाय तिसऱ्या आठवड्यात मरतो, कारण न आलेल्या मेलकडे माणसाचं लक्षच जात नाही.

म्हणून न येण्याकडे लक्ष ठेवणं मशीनवर सोपवावं लागतं. बॅकअपची स्क्रिप्ट अगदी शेवटी, सगळं नीट झालं तरच, एका फाइलमध्ये वेळ लिहिते. दुसरी मशीन, दुसऱ्या इमारतीतली असली तर उत्तम, ती वेळ तपासते आणि तीस तासांपेक्षा जुनी झाली की ओरडते. लांब जॉबसाठीही तेच, चेकपॉइंट फाइल किती जुनी आहे ते बघायचं. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधली एक फाइल खरंच परत आणून मूळ फाइलच्या चेकसमशी ताडायची. हे शेवटचं काम क्रॉनवर टाकू नका, स्वतः करा, नव्या ज्युनिअरला शेजारी बसवून.

वाचायचा क्रम विचाराल तर आधी बारा, मग सव्वीस, मग सहा. ऑन-कॉलच्या पाळ्यांवरचे अध्याय सोडले तरी चालतील. त्या पाळ्यांसाठी एकाच ठिकाणच्या टीममध्ये किमान आठ इंजिनिअर लागतात, आणि आपल्याकडे ऑन-कॉल म्हणजे ज्याची सबमिशन सगळ्यात जवळ आलीय तो.