अफवा : एका वाङ्मयप्रकाराची समीक्षा

समीक्षा म्हटली की समोर एखादे पुस्तक असावे लागते. त्याला लेखक असतो, प्रकाशक असतो, किंमत असते, आणि मजकूर पटला नाही तर लेखकाला जाब विचारण्याची सोय असते. आज आमच्या मोहल्ल्यांतून सर्वाधिक वाचले जाणारे वाङ्मय मात्र यांपैकी काहीच बाळगत नाही. ते मोबाइलवर येते, उर्दू, हिंदी आणि मराठीच्या खिचडीत येते, फजरनंतर येते आणि इशानंतरही येत राहते. विषय बहुधा एकच असतो : कोणीतरी, कोठेतरी, आपल्याविरुद्ध काहीतरी रचीत आहे. कधी लसीत काही मिसळलेले असते, कधी सर्वेक्षणाच्या फॉर्मात काही दडलेले असते. कथा, कविता, आत्मकथन यांची चिकित्सा आपण वार्षिकांतून नेमाने करतो. या मजकुराची कोणी करीत नाही. त्याला वाङ्मय म्हणायचे का, असा आक्षेप कोणी घेईल. जे वाचून एखादा बाप आपल्या लेकराला डोस पाजायचा नाही असे ठरवतो, त्या मजकुराचे वजन आमच्या कित्येक कथासंग्रहांहून भारी आहे, एवढेच आम्ही म्हणू.

प्रथम रचना पाहू. निवेदक अज्ञात असतो, पण त्याची साक्ष नेहमी मोठी असते. ‘एका मोठ्या डॉक्टरने’ सांगितलेले असते, ‘परदेशातल्या एका आलिमने’ सांगितलेले असते, किंवा ‘आतल्या माणसाने’. नाव नसते. तारीखही नसते, त्यामुळे तोच मजकूर दर दोन वर्षांनी ताजा होऊन येतो. शेवटी तो पुढे पाठवल्यास सवाब मिळेल असे आश्वासन असते. आणि मध्यभागी, तुळईसारखे, एक वाक्य असते : मीडिया तुम्हाला हे दाखवणार नाही.

या वाक्यावर जरा थांबावे. वृत्तपत्राने बातमी दिली नाही, तर ती दडपली गेली हे सिद्ध झाले. वृत्तपत्राने खोडून काढली, तर वृत्तपत्र विकले गेले हे सिद्ध झाले. कोठे एखादी पुष्टी देणारी ओळ सापडली, तर बघा, आता त्यांनाही कबूल करावे लागले! तिन्ही वाटा एकाच दारात येतात. बी.एड.ला मूल्यमापन शिकताना आम्हाला एक गोष्ट पढवली होती : ज्या प्रश्नाचे कोणतेही उत्तर बरोबर धरावे लागते, तो प्रश्न परीक्षेत काढू नये, कारण त्यातून विद्यार्थ्याला काय येते ते कळतच नाही. हे वाक्य त्याच जातीचे आहे.

उर्दू वाचकाला ही सृष्टी अनोळखी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लखनौच्या नवलकिशोर प्रेसने ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे जाडजूड खंड छापले. त्या तिलिस्मात दिसते ते खरे नसते. तेथे बाग म्हणजे कैदखाना, सुंदरी म्हणजे जादूगारीण, आणि सगळ्यांवर अफरासियाबाची नजर. पण ऐकणाऱ्याला आपण दास्तान ऐकतो आहोत हे ठाऊक असते, आणि मैफल उठली की तो घरी जाऊन कंदिलाला कंदीलच समजतो. पुढे १९५२ पासून इब्ने सफींची ‘जासूसी दुनिया’ आली. मराठीत बाबूराव अर्नाळकर होतेच. इब्ने सफींच्या कादंबऱ्यांतही गुप्त टोळ्या आहेत, परकी हस्तक आहेत, वेष पालटलेली माणसे आहेत. मात्र शेवटच्या पानांत फरीदीला हिशेब द्यावा लागतो : हे कोणी केले, केव्हा केले, आणि मला कशावरून कळले. तो हिशेब चुकला असता तर वाचकाने पुढचा अंक विकत घेतला नसता. आमच्या मोबाइलवरचे वाङ्मय दास्तानची भूल घेते, जासुसी कादंबरीचा थरार घेते, आणि हिशेबाचे प्रकरण मात्र लिहीतच नाही. वाङ्मय म्हणून त्याचा मोठा दोष तो हाच.

आता वाचकाकडे वळू. हे सगळे खरे मानणारे अडाणी असतात, असे सांगून मोकळे होणारे सुधारक आपल्याकडे पुष्कळ आहेत. आम्हाला ते मान्य नाही. १९७६ च्या नोव्हेंबरात हरियाणातल्या उटावर या मेव मुसलमानांच्या गावाला पोलिसांनी वेढा घातला, पुरुषांना धरून नेले, आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया केल्या. १९९६ मध्ये नायजेरियातील कानो शहरात मेंदूज्वराची साथ असताना एका बलाढ्य अमेरिकन औषध कंपनीने आजारी मुलांवर नव्या औषधाची चाचणी घेतली. आपल्या मुलावर प्रयोग चालला आहे हे आम्हाला कोणी सांगितलेच नाही, अशी अनेक आईबापांची तक्रार होती. २०११ मध्ये पाकिस्तानातल्या अबोटाबादेत बिन लादेनच्या घराचा माग काढण्यासाठी अमेरिकन गुप्तचर संस्थेने एका डॉक्टरला हाताशी धरून कावीळ ब च्या लसीकरणाची मोहीम उभी केली. यांतली एकही गोष्ट अफवा नाही. ज्याने या गोष्टी ऐकल्या आहेत, त्याच्या दारात अनोळखी माणूस औषधाची पेटी घेऊन आला आणि त्याने दार निम्मेच उघडले, तर त्याला हसणे आम्हाला जमणार नाही.

पण हे आम्हाला कळले कसे? उटावरची नोंद न्यायमूर्ती शाह आयोगाने केली, साक्षी घेऊन, सरकारी कागद तपासून. कानोची हकीकत २००० च्या डिसेंबरात ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वृत्तपत्राने बाहेर काढली, पुढे खटले चालले, आणि २००९ मध्ये कंपनीने साडेसात कोटी डॉलरची तडजोड केली. अबोटाबादचे बिंग २०११ च्या जुलैत लंडनच्या ‘गार्डियन’ने फोडले. पुढे २०१४ मध्ये, यापुढे लसीकरणाचा असा आडोसा घेणार नाही, असे अमेरिकन सरकारला लेखी कळवावे लागले. म्हणजे आमच्या संशयाला जे खरे आधार आहेत, ते सगळे आम्हाला वार्ताहर, न्यायालय आणि आयोग यांनीच पुरवले आहेत. ‘मीडिया दाखवणार नाही’ म्हणणारा माणूस पुरावा म्हणून अबोटाबादकडे बोट दाखवतो, तेव्हा तो मीडियाने दाखवलेलेच दाखवीत असतो!

या संशयाची किंमत कोणी मोजली? आमच्या धाकट्या भावंडांच्या बोटांवरची पल्स पोलिओची शाई आम्हाला आठवते. ती मोहीम १९९५ साली सुरू झाली. या थेंबांनी मुले पुढे वांझ होतात, ही अफवा पश्चिम उत्तर प्रदेशात अशी रुजली की २००२ साली देशात पोलिओचे १६०० रुग्ण निघाले, त्यांतले १२४२ एकट्या उत्तर प्रदेशातले. त्यांत मुसलमान लेकरांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार मोठे होते. अफवेला कारण होते, आणीबाणीची आठवण होती, हे सगळे खरे. पण १९७६ मध्ये ज्यांच्यावर जुलूम झाला ते प्रौढ होते, आणि २००२ मध्ये पाय लुळे पडले ते दोन-तीन वर्षांच्या मुलांचे. थेंब पाजणाऱ्या बाया मात्र येत राहिल्या. काम झालेल्या घराच्या दारावर खडूने ‘पी’ लिहायचा, राहिलेल्या घरावर ‘एक्स’, आणि एक्सच्या घरी पुन्हा जायचे. अलिगढ विद्यापीठ, जामिया मिल्लिया, जामिया हमदर्द या संस्था मदतीला आल्या, उलेमा स्वतः पुढे झाले. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी हा प्रदेश पोलिओमुक्त ठरला.

कानोचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. १९९६ ची आठवण ताजी असलेल्या त्या राज्याने २००३ मध्ये पोलिओची लस नाकारली. सुमारे अकरा महिन्यांनी मोहीम पुन्हा सुरू झाली, तीही मुसलमान देशाची लस म्हणून इंडोनेशियाहून डोस आणल्यावर. तोवर विषाणू नायजेरियाबाहेर पडला होता. २००५ साली तोच विषाणू खुद्द इंडोनेशियात पोहोचला आणि तेथली तीनशेहून अधिक मुले त्याने गाठली. ज्यांनी विश्वास बसावा म्हणून लस दिली, त्यांच्याच घरी हे संकट गेले.

संस्था चुकत नाहीत असे कोणी म्हणू नये. २०१८ च्या सप्टेंबरात गाझियाबादच्या एका कंपनीच्या पोलिओ लसीत, जगभर बंद केलेला टाइप दोनचा विषाणू सापडला. चूक गंभीर होती, आणि त्या लसीचे डोस आपल्या महाराष्ट्रातही आले होते. पण ती पकडली कोणी? उत्तर प्रदेशात मुलांच्या शौचाचे नमुने तपासणाऱ्या सरकारी पाहणीनेच. अफवा हजार वेळा चुकली तरी तिची चूक पकडणारे खाते तिच्याकडे नसते.

वृत्तपत्रे आणि वाहिन्या यांविषयी आमचा राग मात्र आम्ही लपवणार नाही. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावच्या कब्रस्तानात आणि मशिदीजवळ स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे मेली. मेलेले बहुतेक मुसलमान, आणि पकडलेले नऊजणही मुसलमानच. पकडताना मथळे मोठे होते. २०११ मध्ये त्यांना जामीन मिळाला, २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपांतून मुक्त केले, तोवर एकजण हयातही नव्हता. तेव्हाचे मथळे त्या मानाने फारच लहान होते. २०२० मध्ये तबलिगी जमातीला करोनाचे मूळ ठरवून वाहिन्यांनी महिनोन्‌महिने जे केले, ते वाचकांना सांगायला नको. पण त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, आणि वृत्तपत्रे व वाहिन्यांनी केलेल्या अपप्रचारावर निकालपत्रात स्पष्ट शब्दांत ताशेरे ओढले. ते निकालपत्र आजही कोणालाही वाचता येते. अपप्रचार उघडा पडला तो न्यायालयात, त्याच काळात आमच्याकडे फिरलेल्या उलट्या अफवांनी नाही. त्या अफवा तर सांगत होत्या की करोना नावाचा रोगच नाही.

‘मीडिया’ या एका शब्दात कानोची बातमी आणणारा वार्ताहर आणि रात्री नऊला ओरडणारा निवेदक या दोघांना एकत्र कोंबणे, हीच आमची मोठी गल्लत आहे. हदीसच्या इमामांनी प्रत्येक रावीचा स्वतंत्र हिशेब ठेवला. अमुक गावाचे सगळे खोटारडे, असे म्हणून ते मोकळे झाले नाहीत. आम्ही नववीच्या मुलांना एकच बातमी उर्दू आणि मराठी दैनिकांतून कापून आणायला सांगतो. मथळ्यात काय वाढले, कोणाचे नाव गळले, हे मुले चटकन ओळखतात. एकदा एका मुलीने मोबाइलवरचा मजकूर वहीत उतरवून आणला आणि विचारले, “सर, यात कापायला तारीखच नाही, वहीत कोणत्या दिवसाखाली लावू?” तिला आम्ही ती जागा कोरीच ठेवायला सांगितली.

अफवा जात-धर्म पाहत नाही, हेही जाता जाता नोंदवतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना जमावाने ठार मारले. त्याच सुमारास मालेगावात अशाच अफवेवरून जमावाने घेरलेल्या एका कुटुंबाला पोलिसांनी वाचवले. ज्या पोलिसांवर त्या शहराने २००६ नंतर रास्त राग धरला होता, त्यांनीच.

आमच्या शाळेच्या कपाटात जुनी जनरल रजिस्टरे आहेत. कडा उंदरांनी खाल्लेल्या, शाई उडालेली. २०१९ च्या डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला, एनआरसीची भीती पसरली, तेव्हा ठिकठिकाणच्या शाळांत आणि नगरपालिकांत दाखल्यांसाठी रांगा लागल्या. आमच्या कार्यालयातही माणसे येऊ लागली. सरकारी कागद सगळा खोटा, असे चहाच्या टपरीवर सांगणारेही त्यात होते. सगळ्यांना आजोबांच्या नावाची ओळ हवी होती. ती ओळ बिनचूक होती असे नाही. जन्मतारखेच्या रकान्यात निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा, कारण प्रवेशाच्या वेळी गुरुजींना तेवढीच तारीख सोयीची. नावांचे स्पेलिंग तर विचारूच नका. पण चूक असली तरी ती कोठे आहे हे बोट ठेवून दाखवता येत होते, आणि प्रतिज्ञापत्र, अर्ज, राजपत्र अशी ती दुरुस्त करण्याची रीत लिहिलेली होती. ती रीत छळवादी आहे, खेटे घालायला लावणारी आहे, हे आम्हीच रोज पाहतो. माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आमच्या वस्तीत अजून फार थोडे लोक करतात, आणि ‘काही होत नाही’ असे सांगणारे त्याहून पुष्कळ आहेत. ज्याने कधी अर्जच दिला नाही त्याच्या या अनुभवाला काय म्हणावे? आयोग, न्यायालय, शाळा, दवाखाना, वाचनालय यांच्याशी भांडता येते, कारण त्यांना पत्ता आहे. निनावी मजकुराशी भांडायला कोठे जायचे?

शेवटी आमच्या लेखकांविषयी एक तक्रार. दंगल, तलाक, गरिबी, बेकारी यांवर आम्ही कथा लिहिल्या. अफवेवर विश्वास ठेवणाऱ्या शहाण्या माणसाची कथा आमच्या तरी वाचनात नाही. पोलिओचे थेंब घेऊन आलेल्या बाईला एक आई दारातून परत पाठवते, बाई खडूने दारावर एक्स काढून शेजारच्या घरी जाते. आईला ती खूण दिसते. ती पुसून टाकावी की राहू द्यावी, हे तिला ठरवता येत नाही, आणि नवरा कामावरून यायला अजून तासभर आहे. या तासाभराची कथा कोणी लिहील काय?