पंचवीस हजार आठशे बारा आणि पुढचे तीन अंक

भौतिकशास्त्रातल्या आकड्यांत मला सर्वांत देखणा वाटतो तो २५,८१२.८०७. एकक ओहम. १ जानेवारी १९९० पासून २०१९ च्या मे महिन्यापर्यंत जगभरच्या प्रमाणमापन प्रयोगशाळांनी विद्युतरोध मोजताना हाच आकडा आधाराला घेतला. त्याच्या चिन्हात आर, त्याच्या पायाशी के आणि के-ला जोडून ९०. के म्हणजे क्लाउस फॉन क्लिट्झिंग, ९० म्हणजे साल. आपण कोणत्या वर्षीचा ठराव आहोत हे हा स्थिरांक चिन्हातच सांगतो. या प्रामाणिकपणापासूनच त्याचं वाचन सुरू करावं.

पूर्णांकातले पाच अंक निसर्गाचे. फेब्रुवारी १९८० मध्ये ग्रनोबल इथल्या प्रयोगशाळेत फॉन क्लिट्झिंग सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर द्रव हेलियमच्या थंडीत, प्रबळ चुंबकीय क्षेत्रात तपासत होते. तिथे हॉल रोध, म्हणजे प्रवाहाच्या आडव्या दिशेतल्या व्होल्टेजला प्रवाहाने भागून येणारा आकडा, पायऱ्यापायऱ्यांनी बदलताना दिसला. प्लँकच्या स्थिरांकाला इलेक्ट्रॉनच्या प्रभाराच्या वर्गाने भागायचं आणि मग १, २, ३, ४ अशा एखाद्या पूर्णांकाने. पायरीची किंमत हाती येते; पूर्णांक १ असला की ती आपल्या आकड्याची. तुकडा रुंद की अरुंद, त्यात अशुद्धी किती, तो कोणी घडवला, यातलं काहीच त्या किमतीला शिवत नाही. पुढे ग्रॅफीन आणि गॅलियम आर्सेनाइड या दोन अगदी वेगळ्या पदार्थांतल्या पायऱ्या ताडून पाहिल्या, तर त्या दहा अब्जांत एका भागापर्यंत जुळल्या.

याआधीचा ओहम पदार्थात अडकलेला होता. १९०८ च्या लंडन परिषदेतला आंतरराष्ट्रीय ओहम म्हणजे वितळत्या बर्फाच्या तापमानाला ठेवलेला, १४.४५२१ ग्रॅम वस्तुमानाचा, १०६.३०० सेंटीमीटर लांबीचा, सगळीकडे सारख्या जाडीचा पाऱ्याचा स्तंभ. ही व्याख्याही सुंदर आहे, पण तिच्यात काचेची नळी आहे आणि नळी ओढणारा हात आहे.

आता दशांशचिन्हाच्या उजवीकडचे तीन अंक, ८०७. खरा रस इथे आहे. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय वजने व मापे समितीने हा आकडा शिफारशीत घातला, तेव्हा त्याची अनिश्चितता ०.००५ ओहम धरली होती. म्हणजे शेवटचा ७ खात्रीचा नव्हताच. तिथे २ निघाला असता किंवा ८१२ पर्यंत मजल गेली असती, तरी कोणाला नवल वाटलं नसतं. तरीही तो पक्का केला, कारण दोन प्रयोगशाळांच्या पायऱ्या एकमेकींशी अब्जांशांच्या पातळीवर जुळत होत्या, मात्र व्याख्येतल्या ओहमशी त्यांचं नातं एक कोटीत दोन भागांइतकंच ठाऊक होतं. मैफलीत आधी षड्ज ठरतो. तो किती कंपनांचा हे कोणी विचारत नाही, पण त्यावर उभ्या राहणाऱ्या सुरांत कणभरही ढिलाई चालत नाही. ८०७ हा तसा ठरवलेला षड्ज होता.

त्याची किंमत कळायची तर रूपांतराचं गणित करून पाहावं. १००० आंतरराष्ट्रीय ओहमची तारेची गुंडाळी घ्या. १९४८ च्या आरंभी पाऱ्याच्या स्तंभाऐवजी निरपेक्ष ओहम आले आणि तिचा आकडा १०००.४९ झाला, दहा लाखांत ४९० भागांची उडी. १९९० मध्ये अमेरिकेने आपला ओहम दहा लाखांत १.६९ भागांनी मोठा केला. एकक मोठं झालं की आकडा लहान होतो, म्हणून तिथल्या जुन्या १००० ओहमचे ९९९.९९८३१ झाले. २० मे २०१९ रोजी प्लँकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार यांच्या किमती कायमच्या पक्क्या झाल्या. त्यांच्या भागाकारातून आलेला आकडा : २५,८१२.८०७४५९... दुरुस्ती अब्जांत १७.७९ भाग. नव्वदच्या ओहममधले १००० आता १०००.००००१७७९.

ते ८०७ पुन्हा पाहा. तिन्ही अंक जागच्या जागी आहेत. पाच हजारांशांची शंका घेऊन बसवलेला आकडा एका हजारांशाच्या निम्म्यानेही चुकला नाही! यात योगाचा भाग आहेच, पण मला त्यात १९८८ पूर्वी चार दंडगोलांच्या धारित्रावर, म्हणजे शेवटी एका लांबीच्या मापावर, ओहम तोलत बसलेल्या माणसांची सचोटी अधिक दिसते.

एक उलटापालट मात्र या गणितात दिसत नाही. १९८० च्या मूळ शोधनिबंधाच्या शीर्षकात विद्युतचुंबकीय बलाची ताकद सांगणारा सूक्ष्म-संरचना स्थिरांक आहे, कारण तेव्हा निर्वाताची चुंबकीय पार्यता व्याख्येनेच ठरलेली होती आणि प्रकाशाचा वेगही निश्चित होत आला होता. पायरी मोजली की तो स्थिरांक हाती येई. आज पायरीच व्याख्येने पक्की आहे, आणि सूक्ष्म-संरचना स्थिरांक मोजून निर्वाताची पार्यता काढावी लागते. मोजलं जाणारं आणि गृहीत धरलेलं यांनी जागा बदलल्या.

नवा आकडा अधिक खरा आहे, पण त्याचे दशांश संपत नाहीत. ८०७ वर थांबण्यातला तो निश्चय त्यात नाही. शिवाय नव्वदचा आकडा रद्द झाला तरी निरुपयोगी झालेला नाही. त्या एकोणतीस वर्षांतली अतिसूक्ष्म रोधमापनं त्याच्याच एककात लिहिलेली आहेत. आजच्या ओहममध्ये ती वाचायची तर प्रत्येक आकड्याला १.००००००१७७९ ने नव्हे, १.००००००००१७७९ च्याही जवळ नव्हे, तर नेमकं १.०००००००१७७९ ने गुणावं लागतं. इथे एका शून्याची चूकसुद्धा दहापटीची असते.